उत्तर चुकलं, पण कसं चुकलं?

पाचवीच्या वर्गात फळ्यावर एक साधी वजाबाकी घाला: ५०२ वजा १७८. बरोबर उत्तर ३२४. आमच्याकडच्या शाळांत ही वजाबाकी दिली की चुकलेल्या उत्तरांत तीन उत्तरं पुन्हा पुन्हा भेटतात. कुणी ४७६ लिहितं, कुणी ४२४, कुणी ३२५. तपासणाऱ्याच्या लाल पेनाला तिन्ही सारखीच. तीन फुल्या, तीन शून्यं, आणि ऑनलाइन माहिती भरताना तिन्ही पोरं एकाच रकान्यात.

४७६ लिहिणाऱ्या मुलीनं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. वरचा अंक कुठला आणि खालचा कुठला, हे तिनं पाहिलेलंच नाही. आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, पाचातून एक गेला चार. दशक सुटा करायचा असतो, हेच तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. तिला दुसरीच्या काड्यांच्या गठ्ठ्यांकडे परत न्यावं लागेल आणि त्यात दोन-तीन आठवडे जातील. ४२४ लिहिणाऱ्याला दशक सुटा करता येतो. तो मधल्या शून्यापाशी अडला. शून्याचे दहा केले, त्यातला एक एककाला दिला, नऊ उरले, इथवर सगळं ठीक. ते दहा शतकातून आणले होते हे तो विसरला आणि शतकाचे पाच पाचच राहिले. त्याच्याशी अर्धा तास बसलं की काम होतं. ३२५ लिहिणाऱ्याला पूर्ण रीत येते, फक्त घाईत बारातून आठ गेले पाच झाले. त्याला वजाबाकी पुन्हा शिकवायला घेतली तर तो खिडकीबाहेर बघत बसेल.

शिक्षकाला चाचणीतून हवी असते ती ही माहिती. ती गुणात नसते, चुकीत असते. आणि आपल्या आजच्या सगळ्या परीक्षा-यंत्रणेत सगळ्यात आधी फेकली जाते ती हीच. उत्तरपत्रिका तपासल्या, गुण मोजले, ते भरले, गठ्ठा बांधून कपाटावर टाकला. पोरांच्या हातात त्या पुन्हा येतात कधी, आणि आल्या तर कोण त्यांच्याशेजारी बसून सांगतं की तुझं इथं चुकलं?

माझं म्हणणं एका ओळीत असं आहे: मुलाला पुढे काय शिकवायचं हे कळण्यासाठी घेतलेली चाचणी आणि शाळेचा, शिक्षकाचा किंवा राज्याचा दर्जा ठरवण्यासाठी घेतलेली चाचणी, या दोन्ही एकाच कागदावर घेता येत नाहीत. घेतल्या की दुसरी पहिलीला खाऊन टाकते. विदर्भाच्या खेड्यांत ती तशी खाल्ली जाताना मी वर्षानुवर्षं बघतो आहे.

चाचणीचा उगम पाहिला तर तो भला होता. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमोन यांच्यासोबत मुलांसाठी जी मापनपट्टी तयार केली, ती वर्गात मागे पडणाऱ्या आणि वेगळी मदत लागणाऱ्या मुलांना ओळखण्यासाठी. मुलाची बुद्धी म्हणजे एक कायमचा ठरलेला आकडा, ही समजूत बिने यांना मान्य नव्हती, आणि तसं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं. पण ती पट्टी अमेरिकेत गेल्यावर दहा-बारा वर्षांच्या आत तिचा धंदा बदलला. पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांना रांगेत बसवून चाचण्या दिल्या गेल्या, माणसांची वर्गवारी केली गेली. मदत शोधायला केलेलं साधन माणसं निवडायला आणि टाकायला वापरलं गेलं. साधन तेच राहिलं, वापरणाऱ्याचा हेतू फिरला.

आपल्याकडेही तेच घडलं, अगदी चांगल्या हेतूंच्या पाठोपाठ. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं, आणि महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना उत्तम होती. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा वेगवेगळ्या वाटांनी मूल समजून घ्यायचं आणि त्याच्याबद्दल चार शब्दांत नोंद ठेवायची. प्रत्यक्षात काय झालं? वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली. ‘वाचनाची आवड आहे’, ‘गणितात अधिक सरावाची गरज आहे’, ‘गटकार्यात आनंदाने सहभागी होतो’ अशी वाक्यं तालुक्याच्या दुकानात विकत मिळू लागली आणि ती रजिस्टरात उतरवली जाऊ लागली. द्विशिक्षकी शाळेत दोन माणसं चार-पाच वर्ग सांभाळतात, त्यात पोषण आहाराचा हिशेब, मतदारयादी आणि रोजच्या ऑनलाइन माहित्या. अशा माणसाकडून प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयाची नोंद मागितली, आणि तपासायला येणारा फक्त रजिस्टर भरलंय का हे पाहणार असेल, तर नोंदी विकतच्याच येणार. त्या शिक्षकाला कामचुकार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मग २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला आणि पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. नावाप्रमाणे त्या पाया तपासायच्या होत्या: मूल कुठे आहे ते बघा, तिथून पुढे न्या. पण गुण वर पाठवायचे होते आणि त्यावरून शाळा प्रगत की अप्रगत हे ठरायचं होतं. ज्या क्षणी मुलाचा गुण शाळेचा गुण झाला, त्या क्षणी शिक्षकाला त्या मुलाची चूक दिसण्यात तोटा होऊ लागला. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये हे नियमासारखं मांडलं: एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय टांगाल, तितका तो आकडा बिघडवण्याचा दबाव वाढतो आणि ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायला तो काढला, ती गोष्टही बिघडते. कॅम्पबेल यांनी स्वतः परीक्षेच्या गुणांचं उदाहरण दिलं होतं. चाचणी चालू असताना फळ्यावर ‘इशारा’ लिहिणारे, कच्च्या पोराला त्या दिवशी घरी राहायला सुचवणारे, हुशार पोराशेजारी कच्च्याला बसवणारे शिक्षक मला माहीत आहेत. त्यातले बरेच जण एरवी जीव तोडून शिकवतात.

आकड्याचा स्वभाव काय असतो, हे दहावीच्या निकालात उघड दिसतं. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले तोंडी-अंतर्गत गुण काढून घेतले, आणि निकाल ७७.१० वर आला. आमचा नागपूर विभाग त्या वर्षी ६७.२७ टक्क्यांवर राज्यात तळाशी होता, आणि विदर्भातली पोरं मागास, शिक्षक मागास, असं बरंच काही बोललं गेलं. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले, टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले, आणि निकाल ९५.३० झाला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. चार वर्षांत महाराष्ट्रातली पोरं आधी अचानक ढ आणि मग अचानक विद्वान झाली, असं कुणीच मानत नाही. मोजायची रीत बदलली म्हणून आकडा बदलला. तरी निकालाच्या दिवशी त्याच आकड्यावर गावात पेढे वाटले जातात, आणि त्याच आकड्यावर एखादं पोर विहिरीकडे जातं.

कापूस विकणाऱ्या माणसाला ही गोष्ट शाळावाल्यांपेक्षा लवकर समजते. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस काट्यावर जड भरतो, म्हणून सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर भाव लावण्याआधी ओलावा मोजतात. आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बारा टक्क्यांच्या वर गेला की घेतच नाहीत. वजनात पाणी किती आणि कापूस किती हे वेगळं केल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. पोराच्या गुणांत अभ्यास किती, भाषा किती, उपाशीपण किती, मदत किती, हे वेगळं करायची आपण तसदीच घेत नाही.

भाषेचंच घ्या. केळापूर, झरी, मारेगावकडच्या कोलामपोडावरचं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचं, मूल पहिलीत येतं तेव्हा त्याची भाषा कोलामी असते. ती द्रविडी कुळातली, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. मेळघाटातलं पोर कोरकू बोलतं, भामरागडचं माडिया, दिग्रस-पुसदच्या बंजारा तांड्यावरचं गोरमाटी. या मुलाला चित्र दाखवून ‘हे काय आहे?’ विचारलं की ते गप्प राहतं. त्या वस्तूबद्दल त्याला आपल्यापेक्षा चार गोष्टी जास्त माहीत असतात. कुठल्या झाडाचा डिंक केव्हा काढायचा हे त्याला ठाऊक असतं. तरी पत्रकात नोंद पडते: ‘वस्तू ओळखत नाही’. हे परिसर अभ्यासाचं मोजमाप नाही, मराठीचं आहे, आणि ते परिसर अभ्यासाच्या खात्यावर टाकलं जातंय. आमच्या वऱ्हाडी घरातली पोरंसुद्धा मोठ्यानं वाचताना ‘डोळे’ला ‘डोये’ म्हणतात. अक्षर ओळखलेलं असतं, अर्थ कळलेला असतो, जीभ घरच्या वळणानं जाते. पुण्याहून आलेल्या सूचनांवर बोट ठेवणारा तपासनीस त्याला वाचनदोष धरतो. मापनशास्त्रात याला सप्रमाणता म्हणतात: जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं जातंय का? हा प्रश्न आमच्या भागात ज्या प्रश्नपत्रिकेला विचारावा, ती अडखळते.

दुसरा प्रश्न विश्वसनीयतेचा. आज घेतलेली चाचणी आठ दिवसांनी घेतली तर तोच निकाल येईल का? पोडावरच्या, तांड्यावरच्या लहान शाळेत हा प्रश्न फार गंभीर आहे. चौथीच्या वर्गात पाच पोरं. त्यातलं एक दिवाळीनंतर आईबापासोबत कामाला बाहेर गेलं, किंवा चाचणीच्या दिवशी तापानं पडलं, तर वर्गाचा निकाल एका पोरानं वीस टक्क्यांनी हलतो. साठ पोरांच्या वर्गात तेच एक पोर दोन टक्केसुद्धा हलवत नाही. म्हणून सरासरी गुणांवरून शाळांची यादी लावली की सगळ्यात वर लहान शाळा दिसतात आणि सगळ्यात खालीही लहान शाळाच दिसतात. पुढच्या वर्षी वरच्या खाली जातात, खालच्या वर येतात. यात कुणाच्या शिकवण्यात काही बदललेलं असेलच असं नाही. ही साधी गणिती गोष्ट आहे. तरी अशाच याद्यांवरून एका शाळेला शाबासकीचं पत्र मिळतं आणि दुसरीला कारणे दाखवा. पटाच्या नावाखाली लहान शाळा बंद करायची भाषा सतत चालू असते. त्यात असा आकडा कुणाच्या हाती लागला तर पोडावरची शाळा वाचणार नाही.

आणि ऊन. २०२५ मध्ये पहिली ते नववीची वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं घ्यायचं ठरलं, २५ एप्रिलपर्यंत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात यवतमाळ, चंद्रपूर, अकोल्याला पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो. टिनाच्या छपराखाली, वीज गेलेली, बाटलीतलं पाणी कोमट झालेलं. तिथं सात-आठ वर्षांच्या पोरानं काय लिहिलं हे कोकणातल्या पोराच्या शेजारी ठेवून बघायचं. विदर्भातली शाळा जूनअखेर उघडते ती याच उन्हामुळे, हे शिक्षण खात्याला माहीत आहे. मग मोजण्याच्या वेळीच ते का विसरलं जातं?

इथे पालकांची बाजू मांडायलाच हवी, कारण ती खरी आहे. गावात कुणालाही विचारा, तो म्हणेल, ‘गुरुजी, परीक्षाच बंद केली तुम्ही, म्हणून पोट्टे वाया गेले.’ त्याचं पोरगं आठ वर्षं वर ढकललं गेलं आणि नववीत गेल्यावर कळलं की त्याला धड वाचता येत नाही. आठ वर्षं त्या बापाला कुणी काही सांगितलं नाही. त्याचा राग रास्त आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ या पाहण्यांनी हेच देशभर दाखवलं: २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या दर शंभर मुलांपैकी वीस-एकवीसच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२४ मध्ये हा आकडा २७ वर आला, करोनाआधी होता जवळपास तिथंच. म्हणजे रोग जुना आहे.

पण यावर उपाय म्हणून जे आलं ते मला पटत नाही. २०१९ मध्ये केंद्रानं कायदा बदलून पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा घ्यायची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्रानं २०२३-२४ पासून ती लागू केली. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. पहिलीपासून पाचवीपर्यंत शाळेनं जे शिकवलं नाही त्याची शिक्षा पाचवीच्या पोराला. ४७६ लिहिणारी ती मुलगी आठवा. तिला पुन्हा एक वर्ष पाचवीच्याच पुस्तकातून पाचवीचंच शिकवून काय होणार आहे? तिची गाठ दुसरीत पडलीय. ती गाठ पाचवीत बसवून सुटत नाही, काड्यांचे गठ्ठे घेऊन बसल्यानं सुटते. आणि आमच्याकडे एक वर्ष मागे राहिलेल्या मुलीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मैत्रिणी पुढच्या गावच्या शाळेत जाऊ लागतात, एसटीला एकटी पाठवायला घरचे तयार नसतात, ऑक्टोबरात वेचणी सुरू होते आणि वेचणीला हात कमीच पडतात. ती नापास झाली म्हणून शाळा सुटली असं कुठल्याच कागदावर येत नाही. ‘सतत गैरहजर’ असं येतं.

बापाला परीक्षा हवी असते असं आपण म्हणतो. त्याच्याशी थोडं बसून बोललं की कळतं, त्याला हवी असते खबर. माझं पोरगं वाचतं का, हिशेब करतं का, नसेल तर कुणामुळे आणि आता काय करायचं. ही खबर वर्षाअखेरच्या ‘ब-१’ श्रेणीतून मिळत नाही, आणि ४५ पैकी १९ यातूनही मिळत नाही.

राज्याला आपल्या शिक्षणाची हालत कळायला हवी, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी प्रत्येक पोराचे गुण लागत नाहीत. ‘असर’वाले जिल्ह्यातली तीस गावं निवडतात, गावातली वीस घरं, म्हणजे सहाशे घरं. घरी जाऊन, एका वेळी एका मुलासमोर बसून, अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचायला देतात. त्या पाहणीला तिच्या मर्यादा आहेत: ती पायाच तेवढा तपासते, आणि जिल्ह्याचा आकडा ढोबळच असतो. पण कुठल्या मुलाचं, कुठल्या शाळेचं नाव त्यात येत नाही, म्हणून कुणाला खोटं करायचं कारण उरत नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणही, २०१७ चं आणि २०२१ चं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये झालेलं परख या केंद्रीय मूल्यमापन संस्थेचं सर्वेक्षणही नमुन्यावरच चालतं. राज्याचं भागायला हे पुरेसं आहे. मग शाळेत घेतलेल्या प्रत्येक नियतकालिक चाचणीचे प्रत्येक मुलाचे गुण वर कशाला हवेत? ते तिथं जाऊन कुणाच्या कामी येतात? त्या गुणांतून ४७६ आणि ४२४ वेगळे दिसत नाहीत. मुख्यालयात बसून ते वेगळे करताही येणार नाहीत. ते वेगळे करू शकतो तो फक्त वर्गातला माणूस.

म्हणून माझी मागणी अशी आहे की वर्गातल्या चाचणीचे गुण वर्गातच राहू द्यावेत. प्रश्नपत्रिका पुण्याहून येऊ द्या, चांगली येते, शिक्षकाचा वेळ वाचतो. पण उत्तरपत्रिका आठवड्याच्या आत पोरांच्या हातात परत पडल्या पाहिजेत, आणि चाचणीनंतरचे पुढचे आठ-दहा दिवस नवा धडा न घेता चुकांवर काम करायची उघड परवानगी असली पाहिजे. आज ती नाही. चाचणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पुढचा घटक सुरू करावा लागतो, कारण अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा अहवालही भरायचा असतो. महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, सगळे शिक्षक जमतात. तिथला बराच वेळ कुणी काय भरलं आणि कुणाचं बाकी आहे यात जातो. त्याऐवजी प्रत्येकानं आपल्या वर्गातली पाच चुकलेली उत्तरं आणावीत आणि पोरानं असं का लिहिलं असेल यावर तासभर बोलावं. याला पैसा लागत नाही. अशी एखादी बैठक जिथं झाली तिथं शिक्षक वेळ संपल्यावरही उठत नाहीत, हे मी पाहिलंय.

‘मग शिक्षकावर लक्ष कुणी ठेवायचं?’ हा प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. काही शिक्षक शिकवत नाहीत, हे मला लपवायचं नाही. त्यांच्यावर लक्ष ठेवायची व्यवस्था आपल्याकडे आधीपासून आहे: केंद्रप्रमुख. दहा-पंधरा शाळांमागे एक माणूस, ज्यानं न सांगता वर्गात यावं, कोणतीही चार पोरं उठवून वाचायला लावावीत, वह्या उघडून बघाव्यात, शिक्षकाशी बोलावं. कामचुकारपणा अर्ध्या तासात कळतो, त्याला चाचणी लागत नाही. पण आमच्याकडे केंद्रप्रमुखाच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, एकाकडे दोन-दोन केंद्रांचा कारभार आहे, आणि जो आहे त्याचा दिवस माहित्या गोळा करण्यात जातो. त्याला शाळेत पोचताच येत नाही, म्हणून शाळेचे गुण त्याच्याकडे मागवले जातात. आधी त्या जागा भरा आणि त्या माणसाला माहित्यांतून मोकळं करून महिन्यातले पंधरा दिवस वर्गात बसू द्या.